रोह्याची पायपेटी

डेव्हिड मास्तर वारले आणि त्यांच्या घरात पायपेटी वाजवणारी एकटी त्यांची मुलगी फ्लोरा उरली. मास्तर रोह्याच्या शाळेत मराठी शिकवत. सणासुदीला आपल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजापुढे उभे राहून ते अब्राहामाचं, मोशेचं, एस्तेर राणीचं आख्यान लावत. ओव्या, साक्या, दिंड्या सगळं मराठीत, आणि साथीला ही पेटी. पेणला मुक्कामाला आलेली एक नाटक कंपनी तिथंच मोडली, तिचं सामान विकायला निघालं, तेव्हा त्यांनी ती घेतली होती. परदेशी बनावटीची, उभ्या कपाटाएवढी, खाली पायाने मारायची दोन पायडलं आणि वर ओढायच्या नऊ-दहा खुंट्या. प्रत्येक खुंटीवर चिनी मातीचं पांढरं बटण होतं. लहानपणी फ्लोराचे पाय पायडलांपर्यंत पोचत नसत. तेव्हा वडील शेजारी बसून पायडलं मारत आणि ती पट्ट्या दाबत असे.

मास्तर होते तोवर पेटीची सगळी निगा तेच करत. पावसाळ्याआधी भात्यावरून हात फिरवून बघायचे, आत कापराच्या पुरचुंड्या टाकायचे, दिवाळीनंतर मागची फळी काढून पेटीला ऊन द्यायचे. ते गेल्यावर चार-पाच वर्षांत कोकणच्या हवेने आपलं काम केलं. भाता दम धरीना. वरच्या सप्तकातले सूर एकेक करून मुके झाले. फ्लोरा शाळेत शिकवून आली की तरीही पेटीपुढं बसायची आणि जेवढं वाजेल तेवढं वाजवायची.

एकोणीसशे अडुसष्ट साली निसीमने, तिच्या भावाने, इस्रायलला जायचं नक्की केलं. आळीतली अर्धीअधिक घरं त्याआधीच बंद झाली होती. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे तर अलिबागकडून कुणी पाहुणा आलाय का, याची चौकशी करावी लागे. निसीमची बायको रेबेका हिचे आईवडील आधीच तिकडे दिमोना नावाच्या गावात होते. फ्लोराचं लग्न झालं नव्हतं. मुंबईची दोन स्थळं आली होती, पण तेव्हा मास्तर अंथरुणाला खिळलेले होते. आता ती चौतिशीची होती. ती भावाबरोबर जाणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं, आणि तिनेही.

"पेटी काही विमानात बसत नाही," निसीम म्हणाला. "मुंबईचा एकजण बघून गेलाय. आतलं सगळं काढून तिचं दारूचं कपाट करणार म्हणतो, हॉटेलासाठी. लाकूड चांगलं आहे म्हणे."

 दुसऱ्या दिवशी फ्लोराने शाळेत रजा टाकली आणि पेणची गाडी पकडली.

पेणमध्ये पेट्या दुरुस्त करणारा बाबाजी मिस्त्री आहे, हे तिने एका कीर्तनकाराकडून ऐकलं होतं. गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत त्याचं दुकान होतं. गल्लीभर शाडूची माती वाळत पडलेली असे. तिची धूळ पेट्यांत जाऊ नये म्हणून बाबाजी भर उन्हाळ्यातही खिडकी लावून काम करायचा. फ्लोरा आत गेली तेव्हा तो एका भजनी पेटीचं पोट उघडून बसला होता. चाळिशीच्या जवळ आलेला, शिडशिडीत, बोटांना सरस लागलेला.

"पायपेटी आहे. रोह्याला. माझ्या वडिलांची," ती म्हणाली. "दम धरत नाही आणि वरचे सूर बोलत नाहीत."

"विकायची हाय का?"

"दुरुस्त करायची आहे." मग ती म्हणाली, "आणि नंतर विकायची आहे."

"मंग दुरुस्त कशाला करता? घेणारा करंल की."

"घेणारा तिचं कपाट करणार आहे."

बाबाजीने हातातली पटाशी खाली ठेवली. "उद्या सकाळच्या गाडीनं येतो," तो म्हणाला.

तो आला. मागची फळी काढून त्याने आत दिवा धरला आणि हसला. सुरांच्या खणांत कुंभारमाशीने मातीची घरटी बांधली होती. "बगा, हिला पन पेटी आवडली," तो म्हणाला. पितळी सूर त्याने बारीक आकडीने एकेक करून ओढून काढले आणि पडवीत पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडले. काहींवर हिरवट कळंक चढला होता. भात्याचं रबरी कापड चुरगळून गेलं होतं. ते काढून त्याने नवं चिकटवलं. सरस वाळायला वेळ लागे, म्हणून काम रेंगाळत गेलं आणि बाबाजी पेणहून रोज येऊ लागला.

सूर लावायची वेळ आली तेव्हा त्याला पायडल मारायला माणूस हवं होतं. फ्लोरा बसली. ती पायडल मारायची, एक पट्टी दाबून धरायची आणि तो कान लावायचा. मग सूर काढून त्याच्या पात्यावर कानशीने अगदी हलका हात फिरवायचा. टोकाकडे खरवडलं की सूर चढतो, मुळाकडे खरवडलं की उतरतो, हे त्याने तिला सांगितलं. "पन एकदा खरवडलेलं परत भरून येत नाय. म्हनून थोडं थोडं, बाई. घाई केली की सूर हातचा गेला."

पहिल्या शनिवारीही तो आला. फ्लोरा दारातच म्हणाली, "अहो, आज आमचा शब्बाथ. आज घरात काम चालत नाही, चूलसुद्धा पेटत नाही."

"इसरलोच की मी," बाबाजी म्हणाला आणि ओट्यावर बसला. परतीच्या गाडीला वेळ होता. निसीम आणि रेबेका नातेवाइकांकडे गेले होते. फ्लोराने आदल्या दिवशीच्या वड्या आणि माठातलं पाणी आणून दिलं, आणि तीही दाराच्या आत चौकटीशी बसली. त्याने आपल्या बायकोबद्दल सांगितलं. लग्नाला दोन वर्षं होतायत न होतायत तोच बाळंतपणात ती गेली, मूलही गेलं. त्यानंतर आई होती तोवर ती पुन्हा लग्न कर म्हणून मागं लागायची, आता तीही नाही. फ्लोराने वडिलांच्या कीर्तनातली एक दिंडी म्हणून दाखवली. पेटी शेजारीच उघडी पडली होती. त्यांच्यापैकी कुणीच तिला हात लावला नाही. बाबाजी शनिवार विसरला नव्हता, मुद्दाम आला होता, हे फ्लोराला संध्याकाळी त्याची गाडी निघून गेल्यावर कळलं.

पुढच्या आठवड्यात काम संपत आलं. पेटी बोलू लागली होती. एका दुपारी त्याने तिला सगळ्या खुंट्या ओढून वाजवायला सांगितलं. तिने वडिलांची एलियाहू पैगंबराच्या आरतीची चाल धरली. आवाज पडवीतून अंगणात गेला, शेजारच्या बंद घरांवर आदळून परत आला. वाजवून झाल्यावर ती मागं वळली. बाबाजी भिंतीला टेकून खाली बघत उभा होता.

"बाई," तो म्हणाला, "हितंच राहू दे की पेटी."

"आणि वाजवणार कोण? घर तर विकलं."

"तुमी वाजवा. थांबा तुमीपन."

फ्लोरा स्टुलावरच बसून राहिली. रेबेका आत ट्रंक भरत होती, भांड्यांचा आवाज येत होता.

"थांबू म्हणजे कशी थांबू?" ती हळूच म्हणाली. "कुणाच्या घरी? कुणाची म्हणून?"

तिने फार स्पष्ट विचारलं होतं. आयुष्यात तिने कुणाला इतकं स्पष्ट काही विचारलं नव्हतं. ती उत्तराची वाट बघत राहिली. बाबाजीच्या हातात कानस होती, ती त्याने एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. त्याच्या डोळ्यांपुढं काय काय येऊन गेलं असेल ते त्यालाच ठाऊक. पेणची गल्ली, जात, तिचा भाऊ, लोकांची तोंडं. 

"भात्याची कड अजून ओली हाय," तो शेवटी म्हणाला. "उद्या येऊन बघतो."

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. निरोप द्यायला आळीतले उरलेसुरले लोक जमले होते. फ्लोरा चहा देत होती. त्याच्या हातात कप देताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. बाबाजीने भात्याची कड तपासली, मग निसीमला बाजूला घेऊन म्हणाला, पेटी मीच घेतो. निसीमला तेच हवं होतं. दोन दिवसांनी भाताचा एक ट्रक पेणला जाणार होता. त्यात पेंढा अंथरून त्यावर पेटी चढवली. बाबाजी तिला पाठीने आधार देऊन मागंच बसला.

"सांभाळा हिला," फ्लोरा ओट्यावरून म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला. ट्रक निघाला.

दिमोना वाळवंटात होतं. तिथल्या हवेत ओल नव्हती. कपडे दोरीवर टाकता टाकता वाळत. पहिल्या वर्षी फ्लोराच्या मनात सारखं यायचं, इथं पेटी आणली असती तर भात्याचं कापड तडकलं असतं, लाकूड फाटलं असतं, बरं झालं आणली नाही. तिची मराठीची मास्तरकी तिथं कुणाच्या कामाची नव्हती. ती एका बालवाडीत मुलांना जेवण वाढायच्या कामाला लागली. पुढं हिब्रू नीट आल्यावर मुलांना गाणी शिकवू लागली. तिथं एक छोटी, नवी, विजेवर चालणारी पेटी होती. तिला भाता नव्हता, पायडल नव्हतं, ओलीची भीती नव्हती, काही नव्हतं. फ्लोरा ती वाजवायची आणि तिचे पाय टेबलाखाली आपोआप हलत असायचे. मुलं वाकून बघायची आणि हसायची.

तिने लग्न केलं नाही. निसीमची मुलं मोठी झाली, सैन्यात गेली, परत आली. मराठी त्यांना समजायची, पण ती उत्तर हिब्रूत द्यायची. एकटी असताना फ्लोरा पेटीला मनातल्या मनात खोली द्यायची. कधी रोह्याच्या पडवीत, कधी पेणच्या त्या खिडकी लावलेल्या दुकानात. दुकानात ती कोपऱ्यात उभी असायची, वर स्वच्छ फडकं, आणि रोज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी बाबाजी तिच्यापुढं बसतो, असं तिला दिसायचं. पत्र लिहावं असं कितीदा मनात आलं. काय लिहायचं हे ठरेना आणि पत्र राहून गेलं.

दोन्ही देशांत रीतसर येणं-जाणं सुरू झाल्यावर, ब्याण्णवच्या पुढच्या हिवाळ्यात, ती एकटी निघाली. तेव्हा तिला साठावं वर्ष लागत होतं. रोह्याला जाऊन आईवडिलांच्या कबरींवर रीतीप्रमाणे दगड ठेवले. जुन्या घराच्या जागी दवाखाना झाला होता. तिथून ती पेणला गेली.

गल्लीत गणपतीचे कारखाने दुपटीने वाढले होते. दुकान सापडलं. दारात एक ठेंगणीठुसकी बाई तांदूळ निवडत बसली होती.

"बाबाजी मिस्त्री इथंच राहतात का?"

बाईने वर पाहिलं. पांढऱ्या केसांची, फ्रॉकवजा झगा घातलेली, पण शुद्ध मराठी बोलणारी ही पाहुणी तिने क्षणभर निरखली. "तुमी फ्लोराबाई का?" ती म्हणाली, आणि सूप खाली ठेवून उठली. "या, आत या. मी सगुणा. त्यांची बायको."

फ्लोरा गेल्यावर दोन-तीन वर्षांनी बाबाजीने लग्न केलं होतं. सगुणा पेणजवळच्या जोह्याची, मूर्ती करणाऱ्यांच्या घरातली. तिने आत हाक मारली नाही. आत जाऊन नवऱ्याच्या खांद्याला हात लावला, मग उजव्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "रोह्याच्या बाई आल्यात!"

बाबाजी बाहेर आला. तो म्हातारा झाला होता, आणि त्याला कमी ऐकू येत होतं. "बसा बाई, बसा," एवढंच तो म्हणाला.  सगुणाने चहा ठेवला.

फ्लोराची नजर कोपऱ्यांतून फिरत होती. भिंतीला टेकून भजनी पेट्या होत्या, एक तुटका तबला होता. पायपेटी नव्हती.

"पेटी कुठं आहे?" तिने मोठ्याने विचारलं.

"खांब गावाला," बाबाजी म्हणाला. "दिली मी. भजनी मंडळाला. लई वर्सं झाली."

फ्लोराने कप खाली ठेवला. दिमोनातल्या त्या सगळ्या संध्याकाळी तिने जिथं फडकं झटकलं होतं, जिथं त्याला बसवलं होतं, तो कोपरा मुळात रिकामाच होता.  तिला स्वतःचाच राग आला, मग त्याचा आला.

"मी सांभाळा म्हणाले होते."

"व्हय. म्हनूनच दिली." बाबाजी पुढं सरकून बसला. "चार पावसाळे ठेवली मी. रोज पुसायचो. मला पट्ट्यांवर दोन बोटांपरतं काय येत नाय, तुमास्नी ठावं हाय. मंग पुन्यांदा सूर हिरवे पडाया लागले. माशी परत आली. पेटीला वारा लागतो, बाई. कुनी बसून रोज भाता मारला तरच ती जगती. नुसती आठवन म्हनून ठेवली असती तर आतून खाऊन गेली असती. गुणाजी आला, खांबचा, भात लावनारा मानूस. बसला, वाजवलीन. काय चांगली वाजवलीन नाय, पन मनापासनं. मी म्हटलं, घेऊन जा."

सगुणा पदराने हात पुसत म्हणाली, "उद्या जाऊन या की दोगं. सकाळची गाडी हाय. मी भाकऱ्या बांधून देते."

दुसऱ्या दिवशी ती दोघं महाडच्या गाडीत बसली. बाबाजीने हत्यारांची पिशवी मांडीवर घेतली होती. वडखळ गेलं, गडब गेलं. त्याच्या उजव्या बाजूला बसल्याशिवाय त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून फ्लोरा खिडकीकडची जागा सोडून त्या बाजूला बसली होती. नागोठण्याच्या स्टँडवर गाडी थांबली. माणसं उतरली, चढली. बाबाजी बाहेर बघत होता.

"हितं," तो एकदम म्हणाला. स्वतःचा आवाज किती मोठा होतोय हे त्याला कळत नसावं. "त्या दिवशी तुमी मला इचारलंत ना, कुनाची म्हनून थांबू. त्याचं उत्तर मला हितं सुचलं. गाडी हितं पोचली तवा."

फ्लोराने पुढच्या बाकाची दांडी धरली. "मग उतरून परत का नाही आलात?"

त्याने कानाला हात लावला. तिला ते पुन्हा, मोठ्याने विचारावं लागलं. पुढच्या बाकावर मासळीची टोपली घेऊन बसलेल्या बाईने मागं वळून पाहिलं.

"परतीची गाडी नव्हती," बाबाजी म्हणाला. मग थोड्या वेळाने, "होती. गाडी होती. म्हटलं उद्या जायचंच हाय. उद्या सांगू. आन उद्या घरात ही मानसं."

"काय उत्तर होतं?" हे तिने मोठ्याने विचारलं नाही. त्याला ते ऐकू गेलं नाही. कंडक्टरने घंटी दिली.

खांबला मारुतीच्या देवळात पायपेटी होती. तिच्यावर जुन्या लुगड्याची शिवलेली खोळ होती. गुणाजी शेतावरून तसाच आला होता, पायांवर चिखल. त्याने खोळ काढली. चिनी मातीची दोन बटणं गेली होती, त्यांच्या जागी लाकडी बसवली होती. वरच्या फळीवर हळदीकुंकवाचे जुने डाग मुरले होते. दसऱ्याला बायका तिची पूजा करत. डेव्हिड मास्तरांच्या पेटीवर कुंकू बघून फ्लोराला प्रथम कसंसंच झालं. मग तिने त्यावर बोट ठेवलं. लाकूड गुळगुळीत होतं, रोज हात लागणाऱ्या लाकडासारखं.

"वाजवा बाय," गुणाजी म्हणाला. "आमी हिला रोह्याची पेटीच म्हनतो."

ती बसली. पायडल दाबलं, भात्याने श्वास भरला. खालचं सप्तक भरदार होतं. वरचं मात्र भांडत होतं. दोन सूर एकत्र दाबले की आवाजात थरथर येत होती.

"वरचे लागलेले नाहीत," ती बाबाजीला म्हणाली.

"ठावं हाय," तो म्हणाला. "मला वरचं ऐकू येत नाय आता. तीन-चार सालं झाली. मी नुसतं साफ करून जातो."

"आमास्नी चालतं तसंच," गुणाजी घाईने म्हणाला.

"हत्यारं काढा," फ्लोरा म्हणाली.

दुपारभर ते काम चाललं. गुणाजी पायडल मारत होता. फ्लोरा दोन पट्ट्या दाबून ऐकायची आणि बोट वर किंवा खाली करायची. बाबाजी आकडीने सूर ओढायचा, तळहातावर घ्यायचा, टोकाकडे किंवा मुळाकडे कानस फिरवायचा, परत बसवायचा. ती पुन्हा ऐकायची. बोट थोडंसं वर. अजून थोडंसं. मग ती हात आडवा करायची, म्हणजे लागला. कधी कधी ती हात आडवा करायला मुद्दाम उशीर करायची. त्याचं ते वाकलेलं डोकं, सूर हातात घ्यायची ती काळजी तिला आणखी थोडा वेळ बघायची असायची.

संध्याकाळी बायका-पुरुष जमले. गुणाजीने अभंग म्हटले, मग तिला बसवलं. तिने वडिलांची एलियाहूची चाल वाजवली. शब्द कुणालाच ठाऊक नव्हते, पण पखवाजवाल्याने दुसऱ्याच ओळीला ठेका धरला आणि बायका टाळ्या वाजवू लागल्या. बाबाजी पेटीला लागून बसला होता. त्याने तळहात तिच्या कुशीवर सपाट ठेवला होता आणि डोळे मिटले होते. फ्लोराने ती चाल संपवली नाही. पुन्हा पहिल्यापासून घेतली.

ती मुंबईला जाणार होती, तो पेणला उतरणार होता. गाडी एकच होती.  पेणला उतरण्याआधी तो म्हणाला, "पुढल्या साली याल का? पावसात परत उतरतील सूर."

"येईन," ती म्हणाली, आणि त्याला ऐकू गेलं की नाही म्हणून मानही हलवली.

ती पुढच्या हिवाळ्यात आली. त्याच्या पुढच्याही. निसीम म्हणायचा, इतका खर्च करून कुठल्या खेड्यात जातेस? ती म्हणायची, काम आहे. दुसऱ्या खेपेला बाबाजीचा हात कापू लागला होता, तेव्हा त्याने कानस तिच्या हातात दिली आणि स्वतः फक्त बघत बसला. "थोडं थोडं, बाई," एवढंच मधूनमधून म्हणत होता.

तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात तो गेला. बाबाजीच्या कुणा भाच्याने फोन करून दिमोनाला कळवलं. फ्लोराने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासू लागली. घासलेलीच भांडी ती पुन्हा घासत होती. रेबेकाने विचारलं, कोण गेलं? फ्लोराला सांगता येईना की कोण.

हिवाळ्यात तिने जावं की नाही, हे तिला कळत नव्हतं. तरी ती आली. सगुणाच्या कपाळावर कुंकू नव्हतं. तिने फ्लोराला बसवलं, पाणी दिलं, आणि खुंटीवरची हत्यारांची पिशवी काढून तिच्यापुढं ठेवली.

"खांबला जायचं ना?" ती म्हणाली. "मी येते तुमच्यासंगं. एकटीला पायडल मारून सूर कसे लावाल?"

देवळात त्या दुपारी दोघीच होत्या. गुणाजी कापणीला गेला होता. सगुणा स्टुलावर बसून पायडल मारत होती. आधी तिचा वेग चुकत होता, मग जमलं. फ्लोरा ऐकत होती, सूर काढत होती, खरवडत होती.

"एक इचारू?" सगुणा म्हणाली. तिचे पाय थांबले नाहीत. "तुमचं नाव आमच्या घरात दर पावसाळ्यात यायचं. ह्या पेटीच्या निमित्तानं. मला पयल्यांदा लई राग यायचा. मंग सवय झाली. तुमी तवा थांबला असतात तर मी कुटं असते, असं मनात यायचं."

फ्लोराच्या बोटांत पितळी सुराची एवढीशी चीप होती. तिने ती उजेडाकडे धरली.

"आणि मी कुठं असते, असं माझ्या," ती म्हणाली.

सगुणाने मान डोलावली. बाहेर हमरस्त्यावरून ट्रक जात होते. फ्लोराने सूर खणात सरकवला आणि अंगठ्याने घट्ट बसवला.

"आता मारा," ती म्हणाली, आणि पट्टी दाबली.